मांजरींसाठी संततिप्रतिबंधक लस: किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यातल्या काही वाड्यांमधून आम्ही चार-पाच जणी भटक्या मांजरींना नसबंदीसाठी नेतो आणि परत आणून सोडतो. पिंजऱ्यावर जुनी साडी टाकून रिक्षात बसलो की रस्त्यात कुणीतरी थांबवतंच. जेटीवर मासे निवडणाऱ्या एका आजींनी गेल्या वर्षी विचारलेलं माझ्या मनातून जात नाही: "गो बाय, पोट कित्याक फाडतास? इंजेक्शन नाय काय?" प्रश्न रास्त आहे. जगभरचे पशुवैद्यकीय संशोधक कितीतरी वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. आजींना तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं. म्हणून हे सविस्तर.

मांजरीला पिल्लं होऊ नयेत अशी लस खरंच असते का?

असते. प्रयोगशाळेत ती तयार झाली आहे, मांजरींना टोचून पाहिली आहे आणि काही मांजरींवर तिने चांगलं काम केलं आहे. पण दवाखान्यात जाऊन "टोचा" म्हणावं अशी मांजरांसाठीची लस बाजारात नाही. मालवणात नाही, तशी मुंबईतही नाही. कुणी "पिल्लं न होण्याची लस" म्हणून काही टोचायला निघालं तर बाटलीवरचं नाव वाचा. बहुतेक वेळा ते हार्मोनचं इंजेक्शन निघतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे आणि ते जरूर वाचा.

लस तर रोगावर असते. गर्भ थोडाच रोग आहे?

लस शरीराला एखादी गोष्ट ओळखायला शिकवते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लावते. ती गोष्ट रोगाचा जंतूच असला पाहिजे असं नाही.

मांजरीच्या मेंदूतून जीएनआरएच नावाचं एक छोटंसं संप्रेरक (हार्मोन) सुटतं. ते पिट्युटरी ग्रंथीला हुकूम देतं, ती ग्रंथी अंडाशयाला जागं करते, आणि मग मांजर माजावर येते. हा पहिला हुकूमच वाटेत अडवला तर पुढची साखळी हलत नाही. 'गोनाकॉन' ही अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वन्यजीव संशोधन केंद्राने तयार केलेली लस हेच करते. तिथे तिला 2009 मध्ये हरणाच्या माद्यांसाठी आणि पुढे रानघोड्यांसाठी मान्यता मिळाली.

अडचण एवढीच की जीएनआरएच हा फक्त दहा अमिनो आम्लांचा तुकडा आहे आणि तो शरीराचा स्वतःचा आहे. आपल्याच घरच्या माणसावर कुत्रा भुंकत नाही, तसं शरीर त्याच्यावर चालून जात नाही. म्हणून तो एका मोठ्या, परक्या प्रथिनाला जोडतात. हे प्रथिन समुद्रातून येतं, हे मला फार आवडतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकाला चिकटून राहणारा, शंखाच्या माथ्यावर भोक असलेला एक प्राणी आहे. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे ते निळसर दिसतं. त्यातलं हिमोसायनिन या कामासाठी वापरलं गेलं, आणि नंतर तशाच दुसऱ्या एका सागरी गोगलगायीचंही. आपल्या कुर्ल्यांच्या रक्तातही याच नावाचं तांबं धरणारं प्रथिन असतं. हे जोड-प्रथिन तेलात घुसळतात, त्यात मारलेल्या जीवाणूंचा थोडा अंश घालतात आणि स्नायूत टोचतात. परकं प्रथिन पाहून शरीर सावध होतं आणि त्याला चिकटलेल्या जीएनआरएचलाही शत्रू समजतं.

मग मांजरींवर ती चालली का?

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या ज्युली लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा मांजरींना गोनाकॉन एकदाच टोचलं आणि त्यांना बोक्यांसोबत ठेवलं. पहिलं वर्षभर पंधरापैकी चौदा गाभण राहिल्या नाहीत. दुसऱ्या वर्षाअखेर अकरा, तिसऱ्याअखेर आठ, चौथ्याअखेर सहा आणि पाचव्या वर्षाअखेर चार वांझ उरल्या. म्हणजे एका टोचणीचा परिणाम साधारण सव्वातीन वर्षं टिकला, कुणाचा कमी, कुणाचा जास्त. बंदरावरच्या मांजरीचं आयुष्य आम्ही जवळून बघतो. गाड्या, कुत्रे, विंचूदंश, पावसाळ्यातली उपासमार या सगळ्यात तीन वर्षं म्हणजे तिचं जवळजवळ अख्खं आयुष्य. त्यामुळे हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

पण 2018 मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यात मांजरींना कळपासारखं एकत्र ठेवलं होतं, म्हणजे आपल्या जेटीच्या जास्त जवळचं वातावरण. तिथे लस टोचलेल्या निम्म्याहून अधिक मांजरी वर्षभराच्या आत गाभण राहिल्या. आपल्यासारख्यांना हवा असतो तो भरवसा तिथेच डळमळला. दहापैकी चार मांजरी थांबल्या आणि सहा विणार असतील, तर पुढच्या वर्षी जेटीवरची संख्या फारशी कमी दिसणार नाही.

लसीचा त्रास काय होतो?

पहिल्या अभ्यासात काही मांजरींना टोचलेल्या जागी न दुखणाऱ्या पण बराच काळ टिकणाऱ्या गाठी आल्या. मांजरांच्या बाबतीत गाठीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. इंजेक्शनच्या जागी क्वचित कर्करोग होण्याची खोड मांजरांत आहे आणि 1991 च्या सुमारापासून पशुवैद्य त्याबद्दल सावध आहेत. लस जितकी जास्त चेतवणारी, तितकं हे लक्षात ठेवावं लागतं.

दुसरी काळजी टोचणाऱ्याची. जीएनआरएच जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांत सारखाच असतो, माणसातही. पिंजऱ्यातली मांजर उसळली आणि सुई आपल्याच बोटात घुसली, तर आपल्याही शरीरात ती तेच काम करू शकते. त्यामुळे ही लस कुणाच्याही हातात द्यावी अशी वस्तू नाही.

अंड्याच्या कवचावरची दुसरी लस असते ना?

हो. डुकराच्या बीजांडाभोवतीच्या पारदर्शक आवरणापासून ती बनवतात. शुक्रजंतूला बीजांडाला चिकटूच द्यायचं नाही ही तिची युक्ती. रानटी घोड्यांवर ती चालते. मांजरींवर मात्र चालत नाही. मांजरीच्या शरीरात प्रतिपिंडं भरपूर तयार होतात, पण ती डुकराचं आवरण ओळखतात, मांजरीचं स्वतःचं ओळखत नाहीत. पिल्लं व्हायची ती होतातच.

आपल्या देशात यावर काही झालं आहे का?

दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी स्त्रियांसाठी गर्भनिरोधक लसीवर अनेक वर्षं काम केलं. गर्भ राहिल्यावर तयार होणाऱ्या एचसीजी संप्रेरकाविरुद्धची ही लस. तिची स्त्रियांवरची चाचणी 1994 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हा जगात तिची चर्चा झाली. ती मांजरांसाठी नव्हती. पण "लसीने गर्भ थांबतो" ही कल्पना परदेशातून आपल्याकडे आली असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा.

'एका इंजेक्शनने मांजर कायमची वांझ' ही बातमी व्हॉट्सअॅपवर आली होती. ती खरी आहे का?

त्यामागे खरं संशोधन आहे, पण ती लस नाही. जून 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयाचे विल्यम स्वॉन्सन आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे डेव्हिड पेपँ यांच्या गटाने ते प्रसिद्ध केलं. अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे बीजांडं पिकतात त्या पिशव्या, वाढू न देणारं एएमएच नावाचं संप्रेरक आहे. ते बनवण्याचा जनुक एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर घालून त्यांनी मांजरीच्या मांडीत टोचला. मग मांडीचा स्नायूच ते संप्रेरक बनवत राहिला. सहा मांजरींना इंजेक्शन दिलं, तिघींना दिलं नाही, आणि दोन वर्षांत दोनदा चार-चार महिने त्यांना बोक्यासोबत ठेवलं. तिघींना पिल्लं झाली. सहापैकी एकीलाही झाली नाहीत.

मला सर्वांत जास्त आशा याच वाटेवर वाटते. पण सहा मांजरींवरून सिंधुदुर्गातल्या सगळ्या मांजरींचा निर्णय होत नाही. मोठ्या चाचण्या, किंमत, परवानग्या हे सगळं व्हायचं आहे. अमेरिकेतल्या डॉ. गॅरी मायकेलसन यांनी 2008 मध्ये जाहीर केलं की कुत्र्या-मांजरांच्या नर-मादी दोघांनाही चालणारं, एकाच मात्रेचं, शस्त्रक्रियेशिवायचं वंध्यीकरण शोधणाऱ्याला अडीच कोटी डॉलरचं बक्षीस देऊ. इतक्या मोठ्या रकमेचं बक्षीस ठेवावं लागलं, यावरूनच काम किती अवघड आहे ते कळतं.

औषध माशात घालून खायला नाही का देता येणार?

हा प्रश्न रापण ओढली की हमखास येतो, कारण तेव्हा वाळूवर वीस-पंचवीस मांजरं एका जागी दिसतात. लसीतलं प्रथिन पोटात गेलं की बांगड्यासारखंच पचून जातं, रक्तात पोहोचत नाही. समजा, उद्या पोटात टिकणारं औषध निघालंच, तर ते कोण खाईल? रात्री आमच्या परसात ठेवलेला मासा कधी मुंगूस नेतो, कधी उदमांजर, कधी कोल्हा. वाघाटीसारखी जेमतेम हातभर लांबीची रानातली मांजर आपल्या सड्यांवर अजून आहे. तिला चुकून वांझ करणं मला तरी परवडणार नाही.

सरकारी दवाखान्यात बायकांना पाळणा लांबवायला देतात ते अंतरा इंजेक्शन मांजरीला चालेल का? किंवा गोळ्या?

नाही. कृपा करून देऊ नका, आणि कुणी देत असेल तर थांबवा.

अंतरामध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन असतं. मांजरींसाठी म्हणून मेजेस्ट्रॉलच्या गोळ्याही दिल्या जातात. दोन्ही एकाच कुळातली. माज थांबतो हे खरं, पण मांजरीच्या शरीरात या हार्मोनमुळे गर्भाशयात पू होणं, स्तनांना सूज आणि गाठी येणं, मधुमेह होणं हे सगळं होऊ शकतं. गाभण मांजरीला चुकून दिलं तर वेणं लांबू शकतं आणि पिल्लं पोटातच मरू शकतात.

आमच्या बंदरावर भुरी नावाची एक मांजर होती. राखाडी अंग, एका कानाला जुनी चीर. एका भल्या माणसाने पदरचे पैसे खर्चून तिला दर काही महिन्यांनी असं इंजेक्शन देववलं. टोचणाऱ्याने धोका सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. पिल्लं झाली नाहीत म्हणून सगळे खूश होतो. दीड वर्षाने ती सारखं पाणी पिऊ लागली, पोट तटतटलं, आणि आम्हाला वाटलं की गाभणच राहिली. मी तिला उचललं तेव्हा माझ्या हाताला चिकट, घाण वासाचा पू लागला. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. तिचं वजन त्या दिवशी दोन किलोसुद्धा नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर इतकं सविस्तर देतेय ते तिच्यामुळे.

मग आज खात्रीचा उपाय कोणता?

ऑपरेशन. मादीची अंडाशयं, बहुधा गर्भाशयासकट, काढतात आणि बोक्याचे अंडकोष काढतात. एकदा डॉक्टरांनी मला ट्रेमध्ये काढलेलं अंडाशय दाखवलं. चवळीच्या दाण्याएवढं. त्याला जोडलेलं गर्भाशय रिकामं असताना जाड दोऱ्यासारखं बारीक. एवढ्याशा गोष्टीतून एका वर्षात दोन-तीन वेतं निघतात.

हे चार-पाच महिन्यांच्या वयातच करून घ्या, कारण पाचव्या-सहाव्या महिन्यात मांजर गाभण राहू शकते. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 91 टक्क्यांनी कमी आढळला आहे. हा फायदा लस देऊ शकेल की नाही, ते पुढे बघावं लागेल. ऑपरेशन आजच देतं.

भूल दिलेली असतानाच भटक्या मांजरीच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापतात. लोकांना ते क्रूर वाटतं. पण त्या कापलेल्या कानामुळेच तिला दुसऱ्यांदा कुणी पिंजऱ्यात घालत नाही, दुसऱ्यांदा पोट उघडत नाही.

लस आली तर कानाची खूण कशी करणार?

फार कमी लोक हे विचारतात, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. लसीचा मोठा फायदा म्हणजे भूल नको, ऑपरेशन टेबल नको. पिंजऱ्यातच टोचा आणि सोडा. पण भूल नसेल तर कान कापता येत नाही, आणि खूण नसेल तर पट्ट्यापट्ट्याच्या सात सारख्या मांजरींत टोचलेली कोणती हे कुणाला कळणार? त्यात तीन वर्षांनी पुन्हा टोचायचं म्हटलं तर एकदा पिंजरा पाहिलेली मांजर पुन्हा त्यात पाय घालत नाही. आमची एक तिरंगी मांजर दोन वर्षं पिंजऱ्याच्या दाराशी बसून आतला बांगडा नुसता हुंगते आणि उठून जाते. त्यामुळे रस्त्यावरच्या मांजरींसाठी एकाच टोचणीत आयुष्यभर पुरणारंच औषध उपयोगाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्या मांजरीला दर तीन वर्षांनी नेता येईल. जेटीवरच्या मांजरीला नाही.

फक्त बोके धरले तर काम होत नाही का? ते सोपं आहे.

बोक्याचं ऑपरेशन सोपं आणि लवकर होणारं आहे, मारामाऱ्या आणि मूत्र फवारणंही त्याने कमी होतं. पण मांजरीत बीजांड सुटतं ते बहुधा समागमामुळे, आणि एका माजात ती अनेक बोक्यांना जवळ घेते. दहातले नऊ बोके केले आणि दहावा पलीकडच्या वाडीतून आला तरी सगळ्या मांजरी व्यातात. हाताशी पैसे थोडे असतील तर आधी माद्या. बोका केला तरी पुढचे काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हेही लक्षात ठेवा.

सगळी मांजरं पोत्यात घालून लांब सोडून दिली तर?

मासळी टाकली जाते तोवर रिकाम्या जागी दुसरी मांजरं येणारच, आणि ती नसबंदी न झालेली असणार. सोडलेल्या मांजरी अनोळखी जागी उपाशी मरतात. मारणं, विष घालणं हा तर गुन्हा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसारही, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मांजरी कमी झाल्या तर उंदीर वाढतील, लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) पसरेल असं म्हणतात.

सिंधुदुर्गात लेप्टोने माणसं दगावली आहेत, त्यामुळे ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण नसबंदी झालेली मांजर उंदीर धरायचं सोडत नाही. ती आपल्या जागेवर टिकते, तब्येतीने बरी राहते आणि मांगरातल्या भाताच्या कणगीजवळ पहिल्यासारखीच दबा धरून बसते. आपल्याला मांजरी घालवायच्या नाहीत. पहिल्या पावसात गटारात वाहून जाणारी, डोळे चिकटलेली पिल्लं थांबवायची आहेत.

पकडायचं ते कधी?

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जेटी सुनी, आणि मांजरं भुकेने व्याकूळ. तेव्हा पिंजऱ्यात ती पटकन येतात. पण ऑपरेशननंतर ओल्या जागेत सोडलं तर टाके चिघळतात, म्हणून कोरडी पडवी चार-पाच दिवस मिळत असेल तरच पावसात पकडा. ती नसेल तर मार्च-एप्रिल बरा. सुकट वाळत घातलेली असताना पिंजऱ्यात सुकटीचं आमिष चालत नाही, सगळीकडे तोच वास असतो. बांगड्याचं डोकं निखाऱ्यावर भाजून ठेवा. पकडल्यावर पिंजऱ्यावर लगेच कापड टाका. अंधार झाला की आतली धडपड अर्ध्या मिनिटात थांबते.

पकडताना चावली तर?

साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तंबाखू काही नाही. मग सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रेबीजची लस पूर्ण घ्या, मांजर ओळखीची असली तरी.

आमच्या मांगरात मांजर व्यालीय. आता काय करू?

पिल्लांना सारखा हात लावू नका, नाहीतर ती त्यांना सात घरं फिरवेल आणि तुम्हाला सापडणार नाहीत. आईला रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खायला घाला, म्हणजे ती तुमची होईल. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन खायला लागली की आधी आईला न्या, कारण दूध पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांची पाळी ती चार महिन्यांची झाल्यावर. कॅलेंडरवर तिच्या वेण्याची तारीख आजच लिहून ठेवा आणि तिथून साठ दिवस मोजून गोल करा.